निबंधाबाहेरचा पाऊस : मराठी लघुपट, अक्षर आणि परिघावरची माणसे

१

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव शहरी मराठी वाचकाला साधारणतः दोन वाटांनी ठाऊक झालेले असते. एक वाट कुलदैवताची. किनाऱ्यालगतच्या शंकराच्या देवळात अभिषेकासाठी अधूनमधून येणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या कुटुंबांची ही वाट होय. दुसरी वाट पर्यटनाची. माडांची रांग, तिच्यापुढची पुळण आणि मावळतीचा समुद्र यांच्यासाठी ती आखली गेली. या दोन्ही वाटा देवळापाशी नाहीतर पुळणीवर संपतात. कोकणातले गाव मात्र तेथे संपत नाही. ते वाड्यावाड्यांनी डोंगरउतारावर, कातळावर आणि खाडीच्या काठाने पसरलेले असते, आणि वाडीचे नाव पुष्कळदा जातीचेच नाव असते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावरचे नाव त्यामुळे पालटेल. देवळापासून वाडीपर्यंतचे अंतर मात्र नावात नव्हतेच, ते पायवाटेत होते.

या प्रकारच्या गावाचे वर्णन करण्याचे शिक्षण मराठी माणसाला शाळेत मिळते. ‘समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझे आवडते स्थळ’ हे निबंधाचे विषय आपण सर्वांनी गिरवलेले आहेत. या निबंधांना एक गृहीत निवेदक असतो. तो खिडकीत बसलेला असतो, त्याच्या डोक्यावरचे छप्पर गळत नसते, पावसात भिजणे हे त्याच्यासाठी संकट नसून अनुभव असतो, आणि समुद्र त्याला दिसतो, कारण त्याला समुद्रात जावे लागत नाही. निबंध हा निरुपद्रवी भासणारा प्रकार वस्तुतः एक सामाजिक जागा आखून देतो: कोणी पाहायचे आणि कोणी दृश्याचा भाग व्हायचे हे तेथे न सांगता ठरलेले असते.

प्रस्तुत लेखाचा विषय स्वतंत्रपणे निर्माण झालेले, वंचितांचे जगणे आणि त्यांचे आत्मभान यांच्याशी झुंजणारे मराठी लघुपट हा आहे. या लघुपटांत एक गोष्ट वारंवार आढळते व तिच्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. परिघावरचे माणूस येथे पुन्हा पुन्हा अक्षराच्या उंबरठ्यावर उभे केलेले दिसते. कधी शाळेच्या बाहेर, कधी कोऱ्या वहीपुढे, तर कधी मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर. हा योगायोग नव्हे. लिहिण्याच्या सत्तेशी असलेला संबंध हाच या लघुपटांचा खरा आशय आहे, आणि लेखणी जेथे अडते तेथून कॅमेरा सुरू होतो हे त्यांचे रचनातत्त्व आहे, असे येथे मांडावयाचे आहे. अशी मांडणी टिकते की नाही, आणि ती कोठे अपुरी पडते, हेही तपासावे लागेल.

२

आरंभी ‘लघु’ या विशेषणाचा विचार करणे आवश्यक आहे. आपल्याकडे लघुपटाकडे बहुधा पायरी म्हणून पाहिले जाते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ ही ‘फँड्री’ची (२०१३) पूर्वतयारी, रोहन कानवडे यांचा ‘उ उषाचा’ (२०१९) ही ‘साबर बोंडं’ची पूर्वतयारी, असे म्हणण्याची रीत आहे. ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाल्यानंतर तर हा क्रम आणखीच पक्का झाला. चरित्रदृष्ट्या हा क्रम खरा आहे. समीक्षादृष्ट्या तो दिशाभूल करणारा आहे. कथा ही कादंबरीची उमेदवारी नव्हे, हे मराठी समीक्षेने नवकथेच्या काळातच मान्य केले. लघुपटाच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट नव्याने सिद्ध करावी लागते.

आयरिश कथाकार फ्रँक ओ’कॉनर यांनी ‘द लोन्ली व्हॉइस’ (१९६३) या ग्रंथात कथेच्या स्वरूपाविषयी एक विचार मांडला होता. कादंबरीला समाज लागतो, त्यात माणसाचे वाढणे आणि स्थिरावणे लागते. कथा मात्र समाजाच्या पृष्ठभागाखाली बुडालेल्या समूहांकडे, त्याच्या कडेकडेने वावरणाऱ्या एकट्या माणसांकडे ओढली जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या विचाराला अपवाद पुष्कळ दाखवता येतील. तथापि मराठी लघुपटाच्या बाबतीत तो विलक्षण उपयोगी ठरतो. दीर्घ चित्रपटाला नायक घडवावा लागतो, संघर्षाचा शेवट करावा लागतो, प्रेक्षकाने दिलेल्या पैशांची परतफेड करावी लागते. ज्याच्या आयुष्यात ‘वाढ’ हीच नाकारलेली आहे, अशा माणसाची कथा या साच्यात बसवताना तिला उत्कर्षाची किंवा विध्वंसाची कलाटणी द्यावी लागते. पंधरा-पंचवीस मिनिटांचा लघुपट या सक्तीतून मोकळा असतो. तो एका दिवसाची, एका कामाची, एका न झालेल्या गृहपाठाची गोष्ट सांगून थांबू शकतो. थांबणे हीच त्याची भूमिका असते.

यात अर्थकारणही आहे. क्यूबाचे दिग्दर्शक हुलिओ गार्सिया एस्पिनोसा यांनी १९६९ साली ‘अपूर्ण चित्रपटा’ची कल्पना मांडली, तीत तांत्रिक सफाईच्या आदर्शालाच त्यांनी प्रश्न विचारला. सफाई कोणासाठी, आणि तिची किंमत कोण चुकवतो? मराठीत हा प्रश्न सिद्धान्त म्हणून नव्हे, तर परिस्थिती म्हणून आला. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ सालची. पुढची कित्येक दशके लघुपट म्हणजे शासकीय माहितीपट हेच समीकरण होते. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेने १९६८ पासून प्रेक्षक घडवला, १९९० पासून मुंबईत माहितीपट व लघुपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरू लागला. परंतु निर्मितीची साधने हाती आली ती डिजिटल कॅमेऱ्यामुळे. ‘पिस्तुल्या’ अहमदनगरच्या महाविद्यालयातील जनसंज्ञापनाच्या विद्यार्थिदशेत घडला, ही गोष्ट म्हणूनच केवळ कौतुकाची नाही. चित्रपट कोण करू शकतो, या प्रश्नाचे उत्तर बदलल्याची ती खूण आहे.

३

या परंपरेचा आरंभ मात्र डिजिटल काळाच्या बराच आधी, १९८५ मध्ये शोधावा लागतो. सुमित्रा भावे या पेशाने समाजशास्त्राच्या अभ्यासक. पुण्यात ‘स्त्रीवाणी’ या संस्थेच्या वतीने दलित स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास करताना त्यांच्यासमोर एक पेच उभा राहिला. ज्या स्त्रियांनी आपले आयुष्य विश्वासाने सांगितले त्यांच्यापर्यंत अभ्यासाचा निष्कर्ष परत कसा न्यायचा? त्या वाचू शकत नव्हत्या. आठ दलित स्त्रियांची निवेदने ‘पॅन ऑन फायर’ या नावाने १९८८ साली ग्रंथरूपात आली; ती गेल ऑम्व्हेट यांच्या भाषांतरात, इंग्रजीत. म्हणजे बोलणारी स्त्री आणि तिचे बोलणे यांच्यामध्ये एक नव्हे, दोन भिंती उभ्या राहिल्या. पहिली अक्षराची, दुसरी परक्या भाषेची.

या भिंतींच्या जाणिवेतून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट निर्माण झाला. झोपडपट्टीतील कष्टकरी स्त्रीचे आयुष्य हा त्याचा विषय. त्यानंतर पाण्यासाठी एकत्र येणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचा ‘पाणी’ (१९८७) आला. दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. परंतु पुरस्कारापेक्षा महत्त्वाची आहे ती या लघुपटांची संज्ञापनाची दिशा. लेखनात माहिती वंचितांकडून अभ्यासकाकडे आणि अभ्यासकाकडून वाचकाकडे जाते. ती परत फिरत नाही. भाव्यांच्या लघुपटांचा पहिला अपेक्षित प्रेक्षक ती स्त्रीच होती, जिच्या आयुष्यातून तो घडला. निवेदनमीमांसेच्या भाषेत बोलायचे तर येथे अभिप्रेत वाचक आणि निवेदनाचा विषय ही एकच व्यक्ती होते. मराठी साहित्यात इतक्या थेटपणे असे क्वचितच घडले असेल. दलित आत्मकथनांनाही ‘हे आपल्या माणसांपर्यंत पोचते काय?’ हा प्रश्न छळत राहिला.

‘चकोरी’ (१९९२) या लघुपटात ही दिशा आणखी स्पष्ट होते. नवऱ्याने टाकलेली स्त्री सायकल चालवायला शिकते, एवढीच त्याची गोष्ट. आपल्या मांडणीच्या दृष्टीने ‘चकोरी’ला विशेष महत्त्व आहे, कारण ती मांडणीला छेद देते. येथे मुक्तीचे साधन अक्षर नाही. पेडलवरचा पाय, हँडलवरची पकड आणि तोल सावरणारे शरीर यांतून येथे आत्मभान येते. परित्यक्तेच्या बाबतीत गाव जे हिरावून घेतो ते मुख्यतः तिचे मोकळेपणी हिंडणे असते. तिचे घराबाहेर पडणेच संशयास्पद ठरते. सायकल नेमके तेच परत मिळवते. परिघावरच्या माणसाचे आत्मभान म्हणजे साक्षरताच असे समीकरण मांडू पाहणाऱ्याने ‘चकोरी’ लक्षात ठेवली पाहिजे. अक्षर हे सत्तेचे एक रूप आहे. एकमेव रूप नव्हे.

४

नागराज मंजुळे यांच्या दोन लघुपटांत मात्र शाळा ही केंद्रवर्ती संस्था आहे. ‘पिस्तुल्या’ २०१० च्या सुमाराचा. त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणातील नॉन-फीचर चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिकण्याची ओढ असलेल्या आणि परिस्थितीने शाळेपासून दूर ठेवलेल्या लहान मुलाची ही गोष्ट आहे. सारांशात ती ओळखीची, जवळजवळ शासकीय जाहिरातीत शोभेल अशी वाटते. पण शीर्षकापाशी जरा थांबावे. मुलाच्या नावातच शस्त्र आहे. शाळेच्या हजेरीपटावर हे नाव कसे वाचले जाईल? एकोणिसाव्या शतकात, १८७१ च्या कायद्याने, माणसांचे काही समूह जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते त्या नोंदीतून ‘विमुक्त’ झाले. या इतिहासाची सावली नावावर पडलेली असते. पोलिसी दप्तर आणि शाळेचे दप्तर या दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द आहे. ज्याच्या समाजाचे नाव पहिल्या दप्तरात पूर्वीच लिहिले गेले आहे, त्याने दुसरे दप्तर पाठीवर घेण्याची इच्छा धरणे, हा या लघुपटातील संघर्ष आहे. तो गरिबीपुरता नाही. कोणत्या लेखनाने माणूस ओळखला जावा, याचा आहे.

‘पावसाचा निबंध’ (२०१७) हा मात्र आपल्या विषयाचा गाभाच होय. या लघुपटासाठी मंजुळे यांना नॉन-फीचर विभागातील दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या ध्वनीचाही राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. सह्याद्रीच्या परिसरातील गाव, कोसळणारा पाऊस, शाळेत मुलांना दिलेला पावसावरचा निबंध आणि तो लिहून आणण्याची आज्ञा. मुलगा घरी निघतो. दारू पिऊन पडलेल्या बापाला घरी आणायचे आहे, घर गळते आहे, आईची धडपड चालू आहे. निबंध काही लिहून होत नाही.

या कथानकाचे सौंदर्य त्याच्या उपरोधात आहे, असे सहज म्हटले जाते. पावसाच्या सौंदर्यावर निबंध मागणारी शाळा आणि पावसाने झोडपलेले घर, हा विरोध उघड आहे. तो इतका उघड आहे की लघुपट तेवढ्यावर थांबला असता तर तोही एक निबंधच झाला असता, विषय पालटलेला पण पद्धत तीच. मंजुळे कवी आहेत, ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ या संग्रहाचे कवी आहेत, हे येथे जाणवते. ऊन, पाऊस यांसारख्या नैसर्गिक गोष्टी तटस्थ नसतात, त्या कोणाच्या तरी बाजूने असतात, ही जाण त्यांच्या कवितेच्या शीर्षकातच आहे. ‘पावसाचा निबंध’मध्ये पाऊस पार्श्वभूमी राहत नाही. त्याचा आवाज संवादांना गिळतो, माणसांच्या हालचालींची गती ठरवतो, आणि प्रेक्षकाला दृश्याबाहेर कोरड्या जागी उभे राहू देत नाही. निबंधातील निवेदकाला जी खिडकी मिळालेली असते ती खिडकीच हा लघुपट काढून घेतो.

म्हणूनच मुलाची वही कोरी राहणे, या घटनेचे दोन अर्थ होतात. शाळेच्या दृष्टीने तो गृहपाठ न केलेला विद्यार्थी आहे. त्याच्याजवळ लिहिण्यासारखे काही नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने त्याच्याजवळ लिहिण्यासारखे इतके आहे की निबंधाच्या साच्यात ते मावत नाही. गायत्री चक्रवर्ती-स्पिवाक यांनी १९८८ मध्ये विचारलेला, तळातल्या माणसाला बोलता येते काय, हा प्रश्न येथे नेमका मूर्त होतो. मूक असण्याचा प्रश्न तो नव्हे. बोललेले ऐकण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नाही, हा तो प्रश्न आहे. निबंध तपासणाऱ्या गुरुजींच्या लाल शाईला या मुलाचा पाऊस वाचता येणार नाही. लघुपट त्या न लिहिलेल्या निबंधाच्या जागी उभा राहतो. तो मुलाच्या वतीने निबंध लिहीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तो वही कोरीच ठेवतो आणि ती कोरी का राहिली एवढेच दाखवतो. परदुःख मांडणाऱ्या कलाकृतीची नैतिक मर्यादा याहून चांगली क्वचितच पाळली गेली असेल.

५

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘उ उषाचा’मध्ये अक्षराशी असलेला हा संबंध वेगळ्या वळणावर येतो. उषा शेतमजुरी करणारी, एकटीने मूल वाढवणारी, निरक्षर स्त्री आहे. प्राथमिक शाळेतील एका शिक्षिकेविषयी तिच्या मनात ओढ निर्माण होते आणि त्या ओढीतून ती लिहावाचायला शिकू लागते. भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ संबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ चा, हा लघुपट २०१९ चा. परंतु या लघुपटाला निर्णयाचे उदाहरण म्हणून वाचणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्यात ना न्यायालय आहे, ना चळवळ, ना शहर. समलिंगी आकर्षणाला आपल्याकडे ‘शहरी’, ‘सुशिक्षित’ किंवा ‘परके’ ठरवण्याची जी सवय आहे, तिला हा लघुपट प्रतिवाद करीत नाही. तो केवळ एका रानात राबणाऱ्या बाईच्या नजरेजवळ कॅमेरा नेऊन ठेवतो. प्रतिवादापेक्षा ते अधिक परिणामकारक होते.

येथेही शीर्षकाकडे पाहावे. अंकलिपीत प्रत्येक अक्षराला एक वस्तू नेमून दिलेली असते. ‘उ’ उखळाचा. उखळ हे स्त्रीच्या घरगुती श्रमाचे चिन्ह. अंकलिपीला हे अभिप्रेत नसते, पण ती अक्षरासोबत जगाची एक व्यवस्थाही शिकवीत असते. ‘उ’ उखळाचा न राहता उषाचा होतो, तेव्हा अक्षर वस्तूकडून व्यक्तीकडे जाते. आपल्या नावाचे पहिले अक्षर ओळखणे आणि आपल्या मनातील इच्छेला ओळखणे या दोन क्रिया लघुपटाने एकमेकींत गुंफल्या आहेत. साक्षरता-प्रसाराच्या असंख्य बोधपटांत स्त्री शिकते ती मुलांसाठी, हिशेबासाठी, बसची पाटी वाचण्यासाठी, अंगठ्याऐवजी सही करण्यासाठी. उपयुक्ततेचे कारण दिल्याशिवाय गरीब स्त्रीच्या शिकण्याला परवानगी मिळत नाही. उषा शिकते ती कोणाच्या तरी जवळ जाण्यासाठी. वंचितांनाही आवश्यकतेपलीकडे काही हवे असते, सुखही हवे असते, ही गोष्ट सहानुभूतीने ओथंबलेल्या आपल्या साहित्यालाही पुष्कळदा सुचत नाही.

गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे का आहे याची मीमांसा केली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये तिला स्त्रीवादी भूमिदृष्टीची जोड दिली. एकाच माणसावर अनेक परिघ एकमेकांत गुंतून कसे येतात, हे त्या चर्चेचे मोठे देणे होय. उषा गरीब आहे, निरक्षर आहे, एकटी आई आहे आणि तिची इच्छा रूढ नाही. लघुपट यांपैकी कोणत्याही एका पाटीखाली तिला उभी करीत नाही. अस्मिता हा शब्द आपण हल्ली इतक्या एकेरी अर्थाने वापरतो की, अस्मिता म्हणजे अनेक नाकारांच्या मध्ये माणसाने आपल्यासाठी केलेली जागा असते, याचा विसर पडतो.

६

आतापर्यंतच्या विवेचनावर काही आक्षेप संभवतात आणि त्यांतला एक फार गंभीर आहे. या लघुपटांतील वंचित माणूस पुष्कळदा मूलच का असते? ‘पिस्तुल्या’, ‘पावसाचा निबंध’, शाळेच्या सदऱ्यावर मोठा खिसा शिवून घेणाऱ्या मुलाची गोष्ट सांगणारा राज प्रीतम मोरे यांचा ‘खिसा’: मूल हा या प्रकाराचा जणू स्थायी नायक झाला आहे. मुलाची निरागसता प्रेक्षकाला विनाअट सहानुभूती देऊ देते. मोठ्या माणसाविषयी प्रश्न पडतात: तो दारू का पितो, संघटित का होत नाही, उलट हात का उगारत नाही. मुलाविषयी ते पडत नाहीत. महोत्सवांच्या परीक्षकांनाही मूल हे भाषांतराशिवाय कळते. यातून करुणेचा एक सोपा बाजार उभा राहू शकतो, आणि गेल्या दशकातील कितीतरी लघुपट या बाजाराच्या मागणीनुसारच तयार झाल्यासारखे दिसतात: अनवाणी पाय, फाटके दप्तर, शेवटी आकाशाकडे पाहणारा चेहरा. ‘फँड्री’च्या अखेरीस भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्याच दिशेने येतो, तो या करुणेवरच फेकलेला आहे, असे म्हणता येईल. अनुकरण करणाऱ्यांनी दप्तर उचलले, दगड मागे राहिला.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे व तो आपल्याला वेळणेश्वरकडे परत नेतो. वर चर्चिलेले लघुपट बहुतांशी देशावरच्या, सह्याद्रीच्या किंवा पुण्याच्या अनुभवातून आलेले आहेत. कोकण किनारा मराठी चित्रपटात नाही असे नव्हे. उलट गेल्या काही वर्षांतील महत्त्वाचे चित्रपट तेथे घडतात. ‘किल्ला’ला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालप्रेक्षकांच्या परीक्षक मंडळाचा स्फटिक अस्वल पुरस्कार मिळाला, ‘कासव’ (२०१६) सुवर्णकमळाचा मानकरी ठरला, अक्षय इंडीकर यांचा ‘स्थलपुराण’ २०२० मध्ये बर्लिनला दाखवला गेला. तिन्ही जबाबदार, संयत चित्रपट आहेत. परंतु तिन्हींत दृष्टी बाहेरून आलेल्याची आहे. बाप गमावलेला मुलगा आईच्या बदलीमुळे किनाऱ्यावर येतो. मनाने खचलेल्या तरुणाला किनाऱ्यावर आसरा मिळतो. बापाच्या नाहीसे होण्याने गोंधळलेला मुलगा आजोळी येऊन रोजनिशी लिहितो. जखम शहरातली, समुद्र औषधाचा. किनाऱ्यावरची माणसे या उपचारातील मदतनीस होतात. भावे यांचाच ‘कासव’ येथे मोजावा लागतो, हे नमूद करताना संकोच वाटतो. पण ‘बाई’ने जी दिशा उलटी फिरवली होती ती येथे पुन्हा सुलटी झाली आहे. ‘पिकासो’ (२०१९) मध्ये अभिजीत वारंग यांनी दशावतारी कलावंत आणि त्याचा मुलगा यांच्याकडे आतून पाहिले, हा दिलासा खरा. पण तो चित्रपट तळकोकणातल्या रंगभूमीचा आहे.

रत्नागिरीच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर साहित्य चित्रपटाच्या पुढे गेले आहे. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन याच जिल्ह्याच्या मातीतले. डोंगर चढून-उतरून बाजारात ओझी नेणाऱ्या बायांच्या चालण्यातून तेथे कोकण उलगडते, माडाच्या सावलीतून नव्हे. त्या पुस्तकाने दाखवलेले कोकण पाहिल्यावर ‘निसर्गरम्य’ हा शब्द सहजासहजी हातून लिहिला जात नाही. चढण ही पाहणाऱ्याला दृश्य असते; डोक्यावर ओझे असलेल्या बाईला ती चढणच असते. या दृष्टीचा लघुपट होणे ही केवळ विषयाची निवड नाही. त्यासाठी कॅमेऱ्याला किनाऱ्याकडे पाठ करून वाडीच्या पाखाडीने वर चढावे लागेल.

भाषेचाही प्रश्न आहे. गुहागर, चिपळूण, संगमेश्वर या पट्ट्यातील कुणबी समाजाची संगमेश्वरी बोली, तिच्यातून चालणारे नमन-खेळे आणि जाखडी ही समृद्ध मौखिक परंपरा आहे. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने कोकणच्या बोलींना मुख्यतः विनोदाच्या कप्प्यात ठेवले. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीला अभूतपूर्व प्रेक्षक मिळवून दिला, पण ‘कोकणी बोली आली की हसायचे’ ही प्रेक्षकाची सवयही त्यातून पक्की झाली, हा दोष नाटकाचा नव्हे, आपल्या ऐकण्याचा. ज्या बोलीत रडता येत नाही, रागावता येत नाही, ती बोली बोलणारा माणूस पडद्यावर पूर्ण माणूस होत नाही. शाळेतील निबंध प्रमाण भाषेत लिहायचा असतो. पावसाला बोलीत जी नावे आहेत ती वहीत चुकीची ठरतात. ‘पावसाचा निबंध’मधल्या कोऱ्या वहीला आणखी एक अर्थ येथे मिळतो.

आणि या किनाऱ्यावर इतिहासही घडलेला आहे. वेळणेश्वरच्याच तालुक्यातील वेलदूर-अंजनवेल परिसरात उभ्या राहिलेल्या एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्ध १९९७ मध्ये मच्छीमार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्यांच्यावर पोलिसी कारवाई झाली, आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी तिची नोंद घेतली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि पुढे दुसऱ्या नावाने सुरू झाला. मराठी सार्वजनिक स्मृतीत या प्रकरणाचे करार, दर आणि पुढारी उरले आहेत. स्त्रिया अहवालात आहेत. अहवाल, निबंध, प्रवासवर्णन: लिहिलेले पुष्कळ आहे, त्यांच्या बाजूने पाहिलेले थोडे.

७

आरंभी मांडलेल्या प्रमेयाकडे परत येऊ. मराठीतील उत्तम लघुपट अक्षराच्या उंबरठ्यावरची माणसे दाखवतात, कारण लेखनानेच त्यांना परिघावर ठेवलेले आहे: पोलिसी दप्तराने, शाळेच्या वहीने, अंकलिपीने, अभ्यासकाच्या ग्रंथाने. ‘चकोरी’ची सायकल आपल्याला सांगते की हे उत्तर पुरे नाही, शरीराचे आणि वाटेचेही राजकारण असते. ‘बाई’ सांगते की दाखवण्याइतकेच कोणाला दाखवायचे हे महत्त्वाचे आहे. ‘पावसाचा निबंध’ सांगतो की दुसऱ्याची कोरी वही आपण भरून देऊ नये. ‘उ उषाचा’ सांगतो की वंचिताच्या इच्छेला उपयुक्ततेचा दाखला मागू नये. हे चार निकष एकत्र घेतले तर लघुपटाच्या समीक्षेला विषयाच्या कौतुकापलीकडे जाता येईल. ‘किती महत्त्वाचा विषय हाताळला आहे!’ हे वाक्य समीक्षेचे नव्हे, निबंध तपासणाऱ्याचे आहे. आपल्या अभ्यासक्रमांत लघुपट आला तर तो ‘सामाजिक जाणीव’ या मथळ्याखाली येऊ नये. कथेच्या शेजारी, रचनेचा प्रकार म्हणून यावा.

पावसाळ्यात वेळणेश्वरची पुळण रिकामी होते. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत होड्या वर ओढून झावळ्यांनी, ताडपत्रीने झाकलेल्या असतात, पर्यटक नसतात, डोंगरउतारावर भाताची लावणी चाललेली असते. निबंधातला पावसाळा तेव्हा संपलेला असतो, कारण पाहणारा घरी परतलेला असतो. वाकलेल्या पाठींवर पडणारा पाऊस कोणाच्याच वहीत उतरत नाही. त्या पाठींच्या उंचीवर कॅमेरा ठेवणारा लघुपट त्या वाड्यांतल्याच एखाद्या मुलीने करायचा आहे. तो होईल तेव्हा आपल्याला काय दिसेल हे आज सांगता येणार नाही. तो पाहायला आपण कोठे उभे असू, हे मात्र समीक्षेला आजच ठरवावे लागेल.